शूटिंगला गाडी देताय? मग मोनो स्वतःच्या हाताने काढा

गुहागर, दापोलीपासून मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत हल्ली शूटिंगची युनिटं येत असतात आणि मग कोणीतरी दारात येऊन विचारतं की दोन दिवस गाडी मिळेल का. आमच्याकडेही असेच आले, मी हो म्हटलं, आणि त्यांच्या पोराने मागचा मोनो, म्हणजे कंपनीचा लोगो, सरळ स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला. रंग उडाला, मी म्हटलं जाऊदे बारीक आहे, पण आपल्याकडची खारी हवा आणि वर एक पावसाळा, तिथे पत्रा गंजला. म्हणून हे लिहितोय.

आता पहिला प्रश्न, काढायचाच कशाला, गाडी तर लांबूनही ओळखू येते. मुख्य कारण पैसा. पडद्यावरची जागा विकली जाते. १९९५ च्या बाँडपटात, गोल्डनआयमध्ये, बीएमडब्ल्यूची झेड३ दिसली ती कंपनीशी करार करूनच, आणि आपल्याकडे १९७३ साली बॉबी आला तेव्हापासून राजदूतच्या त्या छोट्या मोटारसायकलला लोक बॉबीच म्हणायला लागले. एवढी जाहिरात फुकट कोण करेल? त्यात दुसऱ्या गाडीवाल्याची स्पॉन्सरशिप असेल तर तुमचा मोनो दिसलेला अजिबात चालत नाही. बाकी कायद्याचं म्हणाल तर नुसता लोगो दिसला म्हणून लगेच गुन्हा होत नाही, पण व्हिलन त्याच गाडीतून पळतोय किंवा घाटात ब्रेक फेल होतोय असं दाखवलं तर कंपनी बदनामी झाली म्हणून नोटीस पाठवू शकते, ती कटकट कोणाला हवी असते. नंतर एडिटिंगला ब्लर करता येतं, पण त्याचा खर्च वेगळा आणि दिसतंही घाण, त्यापेक्षा सेटवरच काढलेलं बरं.

काढण्याआधी फोटो काढा आणि मोनोच्या चारी बाजूंनी मास्किंग टेप लावून ठेवा, परत लावताना जागा त्यावरूनच कळते. मग हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम करा. आमचे पेंटरकाका म्हणतात तसं, "घाय करू नको, आदी तापव." आतला डबल टेप मऊ झाला की गळाची तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, मोनोच्या मागे घालून करवतीसारखी मागेपुढे ओढत जा, तंगूस जेट्टीजवळच्या कुठल्याही दुकानात मिळते. राहिलेल्या गोंदाला खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा, बोटाने निघतो, नंतर शॅम्पूने धुवा. काही मोनोंना मागे पिना असतात, ते निघाल्यावर पत्र्याला भोकं दिसतील, ती उघडी ठेवू नका, लगेच टेप मारा, खारं पाणी तिथूनच आत जातं.

स्टिअरिंगवरच्या मोनोला मात्र हात लावायचा नाही. त्याच्या मागे एअरबॅग असते, तिथे गरम करणं किंवा उचकटणं धोक्याचं आहे, वरून काळा गोल स्टिकर लावा, बास. नवीन गाड्यांमध्ये पुढच्या जाळीतल्या मोनोमागे कधीकधी रडार असतो, तिथेही काढू नका, फक्त शॉटपुरतं झाका. व्हीलकॅप आणि मागच्या काचेवरचा शोरूमचा स्टिकर लोक हमखास विसरतात. आणि एकदा काढलं की त्या गाडीचे सगळे सीन होईपर्यंत परत लावू नका, नाहीतर एका शॉटमध्ये मोनो आहे, पुढच्यात नाही.

नंबरप्लेट वेगळा विषय. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट असते, तिचं लॉक तोडू देऊ नका, खोटा नंबर वरून चिकटवायला सांगा आणि तो फक्त शॉट चालू असताना, रस्त्यावर गाडी काढायच्या आधी निघालाच पाहिजे, पोलिसांनी पकडलं तर मालक तुम्ही. भाडं घेताय तर इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा, खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून क्लेम नाकारू शकतात. आणि काही तुटलं, रंग उडाला तर भरून कोण देणार ते गाडीची चावी द्यायच्या आधी कागदावर लिहून घ्या, आमचं तोंडी होतं.