शाळू पेरताना दावणीकडे बघा

हस्ताचा पाऊस बरा झाला की मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची, घाई सुरू होते. पेरणीची वेळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्यानंतर ओल खाली जाते आणि पीक पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच, अडकतं. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ खरं आहे, पण ते वेळेवर पेरलेल्या शाळवाला.

सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला, डाळिंब वाढलं, तरी साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा चारा) बंद होतं आणि पंढरपुरी म्हशीपुढे, खिलार बैलापुढे कडबाच (ज्वारीची वाळलेली ताटं) टाकावा लागतो. म्हणून वाण निवडताना नुसता दाण्याचा उतारा विचारू नका. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी, भारी रानात फुले वसुधा. मालदांडीचा कडबा जनावर बुडख्यापर्यंत खातं, हे गोठ्यात रोज दिसतं.

एकरी 4 किलो बी पुरे. किलोला 4 ग्रॅम गंधक आधी चोळा, जिवाणू खत नंतर. एकराला सोळा ग्रॅम गंधक लागतं आणि त्याचाच आळस केला जातो. मग कणसात काणी (दाण्याऐवजी काळी भुकटी होणारा बुरशीचा रोग) दिसली की बियाणेवाल्याला शिव्या. मध्यम रानाला एकरी 35 किलो युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेटचं एक पोतं. दोन चाड्याच्या (खताला एक, बियाला एक) पाभरीने खत-बी एकदमच पेरा; कोरडवाहूला युरिया नंतर फोकण्यात अर्थ नाही. दोन ओळींत 45 सेंटिमीटर ठेवा. पोंगा (रोपाच्या मधला कोंब) वाळलेला असेल आणि ओढल्यावर तो सहज हातात आला तर ती खोडमाशी. विरळणीत अशी रोपं आधी काढा आणि रानाबाहेर नेऊन नष्ट करा.

कोळपण्या तीन: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात. विहिरीत एकाच पाण्याची सोय असेल तर ते 50 ते 55 दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्या. आधी देऊन टाकायचा मोह होतो, पीक कोमेजलेलं बघवत नाही, पण थांबा.

एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. कोवळा किंवा पाण्याविना सुकलेला शाळू जनावराला घालू नका, काढणीनंतर बुडख्याला आलेल्या फुटव्यांवरही शेळ्या सोडू नका. किराळ लागते, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा होते. जनावर धापा टाकतं, थरथरतं, पडतं, आणि हे सगळं घटकाभरात. घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरला फोन करतानाच ‘किराळ लागली’ असं सांगा, म्हणजे ते हायपोचं (सोडियम थायोसल्फेट, या विषावरचा उतारा) इंजेक्शन बरोबर घेऊन निघतील. फुलोऱ्यानंतर ही भीती बरीच कमी होते.

काढणीला दाण्याचं बूड बघा. तिथे काळा ठिपका आला की दाणा भरला. त्यापुढे आठ-पंधरा दिवस उभा ठेवला तर पानं वाळून गळतात, म्हणजे कडब्यातला खाण्याजोगा भाग रानातच राहतो. कडब्याची गंज उंचवट्यावर रचा आणि वळवाच्या आधी झाका. कुट्टी करून घातली तर नासाडी बरीच वाचते.

आणि व्यापारी कडब्याच्या शेकड्याचा (शंभर पेंढ्यांचा) भाव सांगायला दारात आला की आधी स्वतःचा हिशेब करा. मोठ्या जनावराला दिवसाला सहा किलो धरले तर मार्च ते जून एका म्हशीला साडेसातशे किलोच्या आसपास कडबा लागतो. एक पेंढी काट्यावर घाला, तेवढ्या पेंढ्या बाजूला काढा, उरलेल्याच विका.