चार्टवर 'कन्सल्ट' लिहिलंय, मग कोड कुठला लावायचा?

पुण्यात, नागपुरात, नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांचे क्लेम (विमा कंपनीकडे जाणारी बिलं) कोड करणारी, म्हणजे प्रत्येक सेवेला ठरलेला नंबर लावणारी आपली बरीच मंडळी आहेत आणि नवीन आलेला माणूस हमखास याच ठिकाणी अडखळतो. चार्टच्या (पेशंटच्या नोंदींच्या) डोक्यावर 'कार्डिऑलॉजी कन्सल्ट' दिसलं की ९९२४४ हा कन्सल्टचा कोड टाकून मोकळा. मीपण केलंय हे, क्लेम परत आला तेव्हा टीम लीडने सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "रिक्वेस्ट कुठंय, दाखव."

तर पहिलं काम तेच, रिक्वेस्ट शोधायची. दुसऱ्या डॉक्टरने (किंवा नर्स प्रॅक्टिशनर वगैरे कुणी) मत मागितलेलं पाहिजे, आपल्या डॉक्टरने तपासून मत दिलेलं पाहिजे आणि ते मत मागणाऱ्याला लेखी कळवलेलं पाहिजे. तिन्ही गोष्टी नोटमध्ये दिसल्या तरच कन्सल्ट. 'पेशंट पाठवल्याबद्दल आभार' एवढ्यावर भागत नाही, कारण पुढचे उपचार तुम्हीच बघा म्हणून पाठवलं असेल तर तो रेफरल झाला, मत मागणं नाही. पेशंट किंवा घरचे स्वतःहून सेकंड ओपिनियनला आले तरी कन्सल्ट नाही, साधी ऑफिस व्हिजिट.

मग बघायचं पैसे कोण देणार. हे खरं तर चार्ट उघडायच्या आधीच बघावं असं माझं मत, कारण मेडिकेअरने (अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा) १ जानेवारी २०१० पासून कन्सल्ट कोडचे पैसे देणंच बंद केलंय, तिथे रिक्वेस्ट कितीही सुंदर असली तरी उपयोग शून्य. प्रायव्हेट कंपन्यांपैकी काही देतात, काहींनी मेडिकेअरचाच कित्ता गिरवलाय, त्यामुळे प्रत्येकीची पॉलिसी उघडून बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

आता लेव्हल. बाहेरच्या पेशंटला ९९२४२ ते ९९२४५, ९९२४१ शोधत बसू नका, तो २०२३ ला काढला. लेव्हल एकतर एमडीएमवर म्हणजे निर्णय किती गुंतागुंतीचा होता त्यावर, नाहीतर डॉक्टरच्या त्या दिवसाच्या एकूण वेळेवर. दोन्हीपैकी ज्याने वरचा कोड मिळतो तो घ्यायचा, यात चोरी काही नाही, नियमच तसा आहे. वेळेत किमान मिनिटं अशी: ९९२४२ ला २०, ९९२४३ ला ३०, ९९२४४ ला ४०, ९९२४५ ला ५५. रेकॉर्ड वाचणं, नोट लिहिणं हे धरायचं, नर्सचा वेळ नाही, आणि ईसीजी ९३००० ने वेगळा बिल केला असेल तर तो वाचायला लागलेला वेळपण नाही.

उदाहरण घेऊ. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी हाडांच्या डॉक्टरने हार्टवाल्याला विचारलं, ऑपरेशन झेपेल का? पेशंटला बीपी आणि शुगर, दोन्ही आटोक्यात, बीपीच्या गोळीचा डोस बदलला, आणि नोटमध्ये लिहिलंय 'ईसीजी सोडून ४२ मिनिटं'. दोन जुने आजार आणि औषधाचा निर्णय, म्हणजे एमडीएम मॉडरेट (आजार, तपासलेली माहिती आणि जोखीम या तीनपैकी दोन घटक जुळले की पुरे). कन्सल्ट मानणारी कंपनी असेल तर ९९२४४, एमडीएमनेही तोच आणि वेळेनेही तोच.

हाच पेशंट मेडिकेअरचा असेल तर साध्या ऑफिस व्हिजिटचे कोड, आणि तो नवीन असेल तर वेळेने ९९२०३ येतो, कारण ९९२०४ ला ४५ मिनिटं लागतात, पण एमडीएमने ९९२०४ बसतो, तोच लावा. आणि गंमत पुढे आहे, गेल्या ३ वर्षांत याच डॉक्टरने किंवा त्याच ग्रुपमधल्या त्याच स्पेशालिटीच्या दुसऱ्या कुणी पेशंटला प्रत्यक्ष बघितलं असेल तर तो नवीन राहात नाही, मग एमडीएमने ९९२१४ पण वेळेने ९९२१५, कारण तिथे ४० मिनिटं पुरतात. म्हणजे एकच नोट, एकच ४२ मिनिटं, आणि कोड तीन. कन्सल्टच्या कोडमध्ये मात्र नवा-जुना भेद नसतो.

अ‍ॅडमिट पेशंटसाठी ९९२५२ ते ९९२५५, एका अ‍ॅडमिशनमध्ये एका कन्सल्टंटला एकदाच, पुढच्या राउंडला ९९२३१ ते ९९२३३. मेडिकेअर असेल तर पहिल्या भेटीला ९९२२१ ते ९९२२३, आणि 'AI' हा मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) फक्त अ‍ॅडमिट करणाऱ्या मुख्य डॉक्टरच्या क्लेमवर, कन्सल्टंटच्या नाही, इथे उलटं करणारे बघितलेत.

रिक्वेस्ट सापडत नसेल तर स्वतः अंदाज बांधू नका, डॉक्टरला क्वेरी टाका. सापडली तर पाठवायच्या आधी सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मच्या १७ नंबरच्या बॉक्समध्ये मत मागणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि १७बी मध्ये त्याचा एनपीआय (डॉक्टरचा ओळख क्रमांक) आहे ना, बघून घ्या. तिथे बऱ्याचदा आपल्याच डॉक्टरचं नाव पडलेलं असतं.