गोव्यात नव्यानं राहायला येताय?

मी कराडची. लग्नानंतर म्हापशाला आले, त्याला अठरा वर्षं झाली. नव्यानं येणाऱ्यांना पहिलं सांगते: कोंकणीला मराठीची बोली म्हणू नका. 1967च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, 1987 साली कोंकणी राजभाषा झाली. इथल्या माणसांच्या काळजाची गोष्ट आहे ती. शुक्रवारच्या बाजारात मोडकंतोडकं का होईना, कोंकणीतच बोला. आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हटलं की भाजीवालीचा चेहरा उजळतो.

घरात मात्र मराठी. मुलांना मी रोज रात्री दहा ओळी मोठ्यानं वाचायला लावते, परीक्षा असली तरी. गुढी, आषाढीचा उपवास चुकत नाही. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायला शेजारच्या वहिनींकडून शिकले. आरत्या आमच्या सासूबाईंच्याच.

नाताळात समोरची आंटी कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट पाठवते. आम्ही अंडं खात नाही, हे तिला पहिल्याच वर्षी सरळ सांगितलं. असं सांगायला लाजू नका, आणि नाक तर मुरडूच नका. आता ताटात गूळ-नारळाचं दोदोल आणि करंजीसारख्या नेवऱ्याच येतात. ते ताट मी संक्रांतीला तिळाच्या लाडवांनी भरून परत पाठवते.