उडत्या तबकडीचा फोटो पाठवताय? या चुका टाळा

पाऊस सरून आभाळ मोकळं झालं की साताऱ्यात माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कासवरून उतरताना, यवतेश्वरच्या घाटात, कुणाच्या गच्चीवरून काहीतरी चमकताना दिसलेलं असतं. "सर, हे नक्की काय आहे?" मला बघायला आवडतं. पण फोटो हातात पडेपर्यंत त्यात तपासण्यासारखं बहुधा काही उरलेलं नसतं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मूळ फाइल घालवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि वेळ, एक्स्पोजर, लेन्स ही आतली नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट तर नकोच. मी मूळ फाइल आल्याशिवाय मत देत नाही, मग समोरचा रागावला तरी चालेल.

यात आडमुठेपणा वाटत असेल तर हे वाचा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मॅकमिनव्हिलजवळ ११ मे १९५० रोजी पॉल ट्रेंट या शेतकऱ्याने तबकडीचे दोन फोटो काढले. रोल संपला नव्हता, म्हणून लगेच धुवायलाही टाकला नाही. पुढे निगेटिव्ह गहाळ झाल्या. हवाई दलाच्या पैशावर कोलोराडो विद्यापीठात अशा तबकड्यांबद्दल काँडन समितीची चौकशी चालू होती, तेव्हा १९६७ मध्ये त्या एका वृत्तसंस्थेच्या फायलींत सापडल्या आणि समितीतले खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांना मोजमाप करता आलं. हवेतल्या धूसरपणामुळे लांबच्या वस्तूची सावलीतली बाजू फिकट दिसते. त्या फिकटपणावरून त्यांनी अंतर साधारण १.३ किलोमीटर काढलं. नंतर टीकाकारांनी त्याच फोटोंत वर दिसणाऱ्या तारांकडे बोट दाखवलं, वस्तू तिथूनच टांगली असेल म्हणाले. फोटोतल्या गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्यांचाही मुद्दा काढला: ट्रेंट वेळ संध्याकाळची सांगत होते, सावल्या सकाळच्या वाटत होत्या. हे भांडण निगेटिव्ह हाती होत्या म्हणून तरी नीट भांडता आलं.

दुसरी चूक क्रॉपची. एका पोराने अजिंक्यताऱ्यावर तरंगणाऱ्या तीन हिरवट दिव्यांचा फोटो पाठवला. कापलेला, अ‍ॅपमधून "क्लिअर" केलेला, वर लाल गोल. त्या अ‍ॅपने दिव्यांना चक्क कडा आणि खिडक्या दिल्या होत्या! मूळ फोटो मागितला तर म्हणे मेमरी भरली होती, डिलीट केला. तोवर गल्लीत "लष्कराचं काहीतरी आहे" इथपर्यंत मजल गेली होती. शेवटी फोनच्या ट्रॅशमध्ये फोटो सापडला. पूर्ण चौकटीत खाली डाव्या कोपऱ्यात रस्त्याचे तीन दिवे होते, हिरवे ठिपके वर उजवीकडे. मी चौकटीचे कर्ण काढले, प्रत्येक दिव्यापासून मध्यबिंदूतून पट्टी धरली, ती बरोबर एकेका ठिपक्यावर गेली. लेन्सच्या आतलं प्रतिबिंब असंच मध्याच्या पलीकडे, उलटं पडतं. फोटो कापला की मध्य सरकतो आणि दिवेही जातात, मग ही साधी तपासणीच होत नाही. पोराला उत्तर आवडलं नाही. त्याला बातमी हवी होती.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

ओळीने सरकणारे ठिपके दिसले तर आधी स्टारलिंक या इंटरनेट उपग्रहांच्या वेळा बघा. मे २०१९ पासून ती मिरवणूक चालू आहे.

चाळकेवाडीच्या पठाराकडचे लाल दिवे पवनचक्क्यांचे असतात.

झूम करून "तबकडी" दिसली तर बहुधा फोकस सुटलाय. फोकस सुटला की ठिपक्याची चकती होते, शुक्राचीसुद्धा.

"रात्री कधीतरी" ही वेळ नव्हे, "वरती" ही दिशा नव्हे. फोटोत झाड, टाकी, गच्चीचा कठडा, काहीतरी जमिनीवरचं येऊ द्या आणि सकाळी त्याच जागेवरून आणखी एक फोटो काढा.

एकट्याच्या फोटोवर थांबू नका. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रभर जळत गेलेली ती ओळ गावोगावच्या लोकांनी टिपली होती, म्हणून ती चिनी रॉकेटच्या अवशेषांशी जुळवता आली.

आणि "उकल झाली नाही" म्हणजे परग्रहवासी नव्हेत. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेतला जीपॅन हा विभाग अपुऱ्या माहितीच्या नोंदी 'सी' गटात टाकतो, तपासूनही न सुटलेल्या 'डी' गटात. तुमचा कापलेला, गोल काढलेला फॉरवर्ड 'सी' मध्येच जाणार.