गोव्यातील घरांच्या किमतींचा कल कसा मोजावा आणि फुगा कसा ओळखावा

आसगावातला एखादा बंगला काही कोटींना विकला गेला म्हणून म्हापशातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची किंमत वाढली असे होत नाही. त्यामुळे कल मोजण्याआधी बाजार वेगळे करावेत. बार्देशच्या किनारपट्टीतील सुट्टीच्या घरांचा एक बाजार आणि पर्वरी, पणजी, मडगाव येथील राहत्या फ्लॅटांचा दुसरा. वारसांचा वाद न सुटलेली जुनी घरे तर हिशेबात घेऊच नयेत, कारण तिथे किंमत घरापेक्षा कागदपत्रांवर ठरते.

रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक मोठ्या शहरांतील नोंदणीच्या आकड्यांवर बेतलेला असल्याने गोव्याला तो पार्श्वभूमीपुरताच उपयोगी पडतो. आपला तक्ता आपणच करावा लागतो. जाहिरातीतील किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, म्हणून नोंदणी झालेल्या विक्रीखतातील रक्कम घ्यावी आणि तिला कार्पेट क्षेत्रफळाने, म्हणजे भिंतींच्या आतील वापरायोग्य जागेने भागावे. निघालेल्या दरांची सरासरी न काढता ते चढत्या क्रमाने लावून मधला दर निवडावा, म्हणजे एकदोन महागड्या व्यवहारांनी चित्र बिघडत नाही. याहून खात्रीची रीत म्हणजे तोच फ्लॅट दोनदा विकला गेला असेल, तर ते दोन व्यवहार शेजारी ठेवणे. दस्तात रक्कम कमी दाखवण्याची खोड असली, तरी तिचे प्रमाण वर्षानुवर्षे सारखे राहिल्यास कल चुकत नाही.

यानंतर महागाई वजा करावी. समजा, सहा वर्षांत 60 लाखांचा फ्लॅट 90 लाखांचा झाला आणि महागाई दरसाल 5 टक्के होती, तर 50 टक्क्यांची दिसणारी वाढ प्रत्यक्षात सुमारे 12 टक्केच उरते.

फुग्याची, म्हणजे केवळ पुढे भाव वाढतील या आशेवर चढलेल्या किमतीची, खरी परीक्षा मात्र भाड्यात आहे. त्याच 90 लाखांच्या फ्लॅटला महिना 25,000 रुपये भाडे मिळत असेल, तर किंमत वार्षिक भाड्याच्या 30 पट होते; देखभाल आणि घरपट्टीचे 50,000 रुपये वगळता हाती अडीच लाख, म्हणजे 2.8 टक्के येतात. पैशाची किंमत, म्हणजे कर्जाचे व्याज किंवा तोच पैसा इतरत्र गुंतवून मिळणारा परतावा, 8 टक्के धरली, तर घेणाऱ्याने दरसाल पाच टक्क्यांहून अधिक भाववाढ गृहीत धरली आहे, असा याचा अर्थ होतो. या अपेक्षेमागे नवा रस्ता, 2023 पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ किंवा जमिनीची टंचाई असेल, तर ती तपासता येते. ‘आजवर वाढले, म्हणून वाढेल’ एवढेच कारण सापडले, तर संशय घ्यावा. इथे पर्यटकांकडून मिळणारे रोजचे भाडे धरू नये. हंगाम संपला की ते आटते, आणि डिसेंबर महिन्यातल्या आकड्यावर वर्षाचा हिशेब मांडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

किमतीची स्थानिक पगाराशी तुलना सुट्टीच्या घरांबाबत फारशी उपयोगी नाही, कारण तिथला ग्राहक मुंबई-दिल्लीचा असतो. राहत्या फ्लॅटांसाठी ती अवश्य करावी. रिकामी घरेही मोजावीत, पण 2011 च्या जनगणनेतही गोव्यातील सुमारे एक पंचमांश घरे रिकामी होती, त्यामुळे केवळ संध्याकाळी बंद दिसणाऱ्या खिडक्यांवरून निष्कर्ष काढू नये. कर्ज न काढता घेणारा मालक मंदीतही किंमत उतरवत नाही, नुसता थांबून राहतो. म्हणून दरासोबत दर तिमाहीला नोंदलेल्या विक्रीखतांची संख्याही लिहून ठेवावी. दर जागच्या जागी आणि संख्या सलग चार तिमाही घसरत असेल, तर तक्त्यातील दर हा बाजाराचा दर राहिलेला नसतो.