एकाच मोबाइलवर सगळ्या वर्गाची उत्तरं: प्लिकर्स कार्डं कशी वापरायची

‘समजलं का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणणारी मुलं दर वर्गात तीच पाच-सहा असतात. बाकीच्यांचं काय झालं ते चाचणीच्या पेपरात कळतं, तेव्हा धडा मागे पडलेला असतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मुलापर्यंत माहिती नेतो. इथे उलट करायचं आहे: मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते तासिका चालू असतानाच शिक्षकाला दिसलं पाहिजे. त्यासाठी मुलांच्या हातात टॅब लागत नाही. कागदी कार्डं आणि शिक्षकाचा नेट असलेला फोन पुरतो. प्लिकर्स हे त्यासाठीचं अ‍ॅप आहे: मुलं कार्डं वर धरतात आणि फोनचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरं वाचतो.

प्लिकर्सच्या संकेतस्थळावर खातं काढून कार्डांची पीडीएफ मोफत उतरवा. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, एका पानावर दोन, म्हणजे ए-फोरचे २० कागद. पट त्याहून मोठा असेल तर ६३ कार्डांचा संच घ्या. जाड कागदावर काळी-पांढरी छपाई करा. चकचकीत लॅमिनेशन मात्र टाळा, कारण त्यावर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. टिकवायचीच असतील तर कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवा.

प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक छापलेली असतात. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर ठेवून कार्ड धरायचं. एकच उत्तर दोन कार्डांवर वेगळं दिसतं, म्हणून शेजाऱ्याचं उत्तर सहज कळत नाही. प्लिकर्सवर वर्ग तयार करताना हजेरी क्रमांक आणि कार्ड क्रमांक एकच ठेवा, म्हणजे वाटताना गोंधळ होत नाही.

पहिल्या दिवशी ‘आज कोणता वार?’ असा सोपा प्रश्न घ्या. इथे चुकलेलं उत्तर म्हणजे कार्ड चुकीचं फिरवलेलं, हे लगेच कळतं.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. चुकीचा पर्याय उगाच भरतीचा नको, त्यामागे मुलं खरोखर करतात ती चूक हवी. उदाहरणार्थ, १/२ + १/३ = ? पर्याय: ए) २/५, बी) ५/६, सी) १/५, डी) २/६. ‘ए’ निवडणाऱ्याने अंश-अंश आणि छेद-छेद मिळवले. ‘डी’वाल्याला छेद ६ सापडला, पण अंश बदलायचे राहिले. ‘सी’वाल्याने फक्त छेदांची बेरीज केली. असे पर्याय असले की कोणाला काय पुन्हा शिकवायचं ते आपोआप ठरतं. एका तासिकेला असे दोन-तीन प्रश्न पुरे.

प्रश्न फळ्यावर लिहा, प्रोजेक्टर असलाच पाहिजे असं नाही. मिनिटभर शांतपणे विचार करू द्या, मग सगळ्यांनी एकदम कार्डं वर करायची. फोन आडवा धरून वर्गावरून सावकाश फिरवा. एखादा क्रमांक येत नसेल तर बहुतेक वेळा बोट काळ्या आकृतीवर असतं, कार्ड तिरकं असतं किंवा पुढच्याच्या डोक्याआड गेलेलं असतं. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर कार्ड अंधारं दिसतं. बाजूला सरकून स्कॅन करा. शेवटच्या बाकांसाठी चार पावलं पुढे जा.

आता निकालाचं काय करायचं? हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीतला हिशेब इथे फार कामाचा आहे. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांहून कमी असतील तर मुद्दा वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे चला. मधे असतील तर उत्तर सांगू नका. वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा कार्डं वर करायला लावा. या दोन मिनिटांत वर्गात गलका होतो, तो होऊ द्या. मुलं शिकतात ती याच वेळात.

चर्चेआधी उत्तरांचा आलेख पडद्यावर दाखवला की मुलं विचार सोडून उंच खांबाकडे वळतात, म्हणून तो दुसऱ्या फेरीनंतरच उघडा. नावानिशी चुका तर कधीच दाखवू नका, आणि या उत्तरांना गुणही देऊ नका. गुण आले की मूल हुशार मित्राचं कार्ड कसं वळलंय ते बघायला लागतं, आणि तुम्हाला त्याची खरी चूक दिसायची बंद होते.