पैसे देऊन घेतलेली विमानातली सीट दुसऱ्याला कशी द्यायची, आणि कुठली देऊ नये

एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुलखातली माणसं आपण. खिडकीतून टोपी, पिशवी, वेळ पडली तर लेकरू सुद्धा आत सोडलंय, त्यामुळं धरलेली जागा सोडायची म्हणलं की आपल्या जीवावर येतं हे आधीच कबूल करतो. विमानातली तर पैसे मोजून घेतलेली. मी जालन्याचा, बियाण्याच्या कामानं महिन्यातून एक-दोनदा हैदराबाद नाहीतर दिल्ली, उंची सहा फूट दोन इंच, म्हणून चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, निघालो की पाय लांबवता येतील अशी सीट घेतोच, कधी काहीशे रुपये जास्तीचे, कधी हजाराच्या पुढं. आणि गेल्या काही वर्षात ती सीट बऱ्याचदा दुसऱ्याला देऊन मधल्या सीटवर गुडघे छातीला लावून आलोय. त्यात चुकाही भरपूर केल्या म्हणून लिहायलोय, कारण आपल्याला महाग पडलेली सीट समोरच्याच्या कामाची असंलच असं नाही, हे मला लई उशिरा कळलं.

पहिली चूक सांगतो. दिल्लीहून परत येत होतो, माझी सीट आणीबाणीच्या दाराची, पंखाजवळची रांग, तिथं पाय अगदी सरळ होतात. मागं तीन-चार रांगा सोडून एक आजी, सत्तरीच्या असतील, गुडघ्याला पट्टा, दोन दांडग्या माणसांच्या मधी अंग चोरून बसलेल्या. मी आपला उठलो, म्हणलं आजी तुम्ही तिकडं चला, पाय मोकळे होतील. आजी खुश, पदर खोचला, पिशवी काखेत मारली, आल्या, बसल्या, आणि दोन मिनिटात क्रूच्या मॅडम येऊन म्हणाल्या यांना इथं बसता येणार नाही. आजीला वाटलं आपण जास्तीच्या पैशाच्या जागेवर फुकट बसलो म्हणून उठवायलेत. सगळं विमान बघायलंय आणि ती बाई परत मागं चालली, जाताना मला म्हणली, "राहू दे बाळा, तू कशाला वाईट वाटून घेतोस." मीच अजून वाईट वाटून घेतोय.

चूक क्रूची नव्हती, माझी होती. त्या रांगेत बसणाऱ्यानं वेळ आली तर दार उघडायचं असतं, म्हणून तिथं लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, मांडीवर बाळ असलेली, व्हीलचेअरवरून आलेले, असं कुणालाच बसवत नाहीत, आणि उड्डाणाच्या आधी क्रू तिथल्या प्रत्येकाला विचारून घेते की जमंल का म्हणून. म्हणजे गंमत बघा, ज्याला पाय पसरायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती सीट देता येत नाही. ती द्यायचीच तर एखाद्या लांबड्या धडधाकट पोराला द्या, तोही गुडघे पोटात घेऊन बसलेला असतो बिचारा.

मग मी पहिल्या रांगेची सीट घ्यायला लागलो, म्हणलं ही तरी कुणालाही देता येईल. देता येते. पण त्याचीही भानगड आहे. परभणीकडचे एक आबा होते, त्यांना बसवलं पुढं, आणि पहिल्या रांगेच्या समोर सीटच नसते ना, त्यामुळं पिशवी समोरच्या सीटखाली सरकवायची सोयच नाही, टेकऑफ आणि लँडिंगला सगळं वरच्या कप्प्यात टाकावं लागतं. आबांच्या पिशवीत इन्सुलिन, चष्मा, पैसे, आधार कार्ड, सगळा संसार. अख्खा प्रवास आबांची मान वर, कप्प्याकडं, पाय मोकळे पण जीव पिशवीत. आता मी आधीच सांगतो की आबा, औषध-पैसे खिशात काढून घ्या, मग पिशवी वर टाकू, आणि खाली उतरलं की मी काढून देतो. आणि लेकरू घेतलेल्या बाईला पहिली रांग देताना अजून एक बघा, तिथं खायचा ट्रे हाताच्या दांड्यातून निघतो म्हणून ती मधली दांडी बऱ्याचदा वर होत नाही, लेकराला आडवं करता येत नाही. मागच्या साध्या रांगेत दांडी वर गेली की लेकरू आईच्या मांडीवर डोकं टाकून बाबाच्या सीटवर पाय सोडून झोपतं. तिला तुमची महागाची सीट नकोच असते.

म्हणून सीट द्यायच्या आधी नुसतं दोन मिनिटं बघायचं. ज्यांना सारखं लघवीला जावं लागतं, शुगरवाले, वयस्कर पुरुष, यांना कडेची सीट म्हणजे सोनं, मग ती तेविसाव्या रांगेत का असंना. हे लोक तोंडानं सांगत नाहीत, पाणी पिणंच बंद करतात. मधी बसलेले आबा पाण्याची बाटली हातात घेऊन नुसते बसले असतील तर समजून घ्या. गुडघेदुखीवाल्यांना पुढची सीट यासाठी बरी की आत चालावं कमी लागतं, लवकर उतरायला मिळतं म्हणून नाही, कारण व्हीलचेअर मागितली असंल तर त्यांना सहसा सगळ्यात शेवटी उतरवतात. आणि छोटं एटीआर विमान असलं, दोन-दोन सीटांचं, तर हिशोबच उलटा, चढ-उतार मागच्या दारानं, त्यामुळं तिथं पुढची सीट म्हणजे शेवटचा नंबर. नांदेडला येणाऱ्या एम्ब्राएर कंपनीच्या विमानात मधली सीटच नसते, तिथं निम्मा प्रश्न तसाच मिटतो.

आणि पहिल्यांदा बसणाऱ्याला खिडकी. यावर माझं मत एकदम पक्कंय. गुडघे दुखत असले तरी खिडकी. आपल्याकडून आता लई माणसं पहिल्यांदा विमानात बसायलीत, पोरगा बेंगलोरला नाहीतर हैदराबादला नोकरीला लागला की आई-बाप नातवाला बघायला निघतात, कुणी उमराहला, कुणी यात्रेच्या ग्रुपबरोबर. तिकीट पोरानं काढलेलं असतं, सीटचे वरचे पैसे भरायचे राहून जातात आणि मग कॉम्प्युटर देईल ती मधली. एकदा हैदराबादला जाताना एका काकांना खिडकी दिली, शेतकरी माणूस, विमान चिकलठाण्याहून वर उठलं तसं ते काचेला नाक लावून बसले. आधी नुसते गप. मग म्हणले, "हे सगळं इकडं कोरडवाहूच दिसायलंय." मग थोड्या वेळानं, "त्या विहिरीला पाणी हाय बगा." वरून विहिरीचं पाणी बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. हवा स्वच्छ असली आणि वाट तिकडून असली तर जायकवाडी धरणाचा नाथसागर पण दिसतो, पण रात्रीचं विमान असंल तर खिडकीचा एवढा काही उपयोग नाही, तेव्हा कडेची द्या.

आता लेकरांचं. कुटुंब फाटून बसलेलं दिसतं, आई बारावीत, म्हणजे बाराव्या रांगेत, पोरगं वीसमधे आणि रडायलंय. तर २०२४ च्या एप्रिलमधे डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, विमान कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षापर्यंतच्या मुलाला एकाच बुकिंगवरच्या आई-बाबा किंवा सोबतच्या मोठ्या माणसापैकी एकाच्या तरी शेजारी बसवायचं. त्यामुळं त्या ताईंना आधी हे सांगा, क्रूला बोलवा, ती त्यांची जबाबदारी आहे, उपकार नाही. नसंल जमत तर मग आपण उठायचं, आणि अशा वेळी चांगली सीट महत्त्वाची नसते, शेजारची सीट महत्त्वाची असते. फक्त मांडीवरचं बाळ असंल तर स्वतःच्या मनानं हलवाहलव करू नका. तीन सीटांच्या वर ऑक्सिजनचे मास्क साधारण चारच असतात, म्हणून एका बाजूच्या तीन सीटांत मांडीवरचं बाळ एकच बसवतात. तुमच्या शेजारी आधीच एक बाळ असंल तर दुसरं तिथं येऊ शकत नाही.

खरं तर कुणालाही हलवायच्या आधी क्रूला विचारायचंच, एवढं एक पाळलं तरी माझ्या आजीसारखं होणार नाही. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे काउंटर नाहीतर गेट, तिथं सीट बदलून नवीन बोर्डिंग पास मिळाला तर कुणाला काही समजावायची गरजच राहत नाही. तिथं नाही जमलं तर लोक चढून झाल्यावर, दार बंद व्हायच्या आत. गर्दी चढत असताना रांगेत उभं राहून अदलाबदल करू नका, मागं चाळीस माणसं खांद्यावर बॅगा घेऊन उभी असतात, ती शिव्या तुम्हालाच देतात. छोट्या विमानात वजनाचा तोल सांभाळायचा असतो म्हणून क्रू कधी म्हणते वर गेल्यावर बदला, तर वर गेल्यावर बदला, पट्ट्याचा दिवा विझला की. आणि तुम्ही आधी जेवण बुक केलेलं असंल तर ते सीट नंबरवर येतं, सांगून ठेवा, नाहीतर तुमचं सँडविच आजीच्या पुढ्यात आणि त्या म्हणणार मी मागवलंच नाही, पैसे देणार नाही.

बिझनेस क्लासची सीट द्यायची असंल तर आधी क्रूच्या कानात विचारा, समोरच्याला काही बोलूच नका. ते पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर असतं, कधी हो म्हणतात, कधी नाही, आणि हो म्हणले तरी जेवण ज्याच्या त्याच्या तिकिटाप्रमाणं मिळू शकतं. आशा दाखवून परत नेणं त्यापेक्षा न दिलेलं बरं.

बोलायचं कसं हे सगळ्यात अवघड. आपल्याकडचं माणूस फुकटचं घेत नाही पटकन, आणि घेतलं तर प्रवासभर अवघडून बसतं. "मी माझी सीट तुम्हाला देतो" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका, त्यात आपण वर आणि समोरचा खाली होतो. मी म्हणतो, "काका, मला खिडकीपाशी गरगरतं, तुम्ही बसता का इकडं?" खोटं आहे, चालतं. नाहीतर, "मावशी, मला सारखं उठावं लागतं, तुम्ही आत सरका." म्हणजे तेच आपल्यावर उपकार करायलेत असं वाटतं आणि लगेच उठतात. आणि पैशाचं न विचारता आधीच सांगा. एका आबांनी मला सरळ विचारलं होतं, "वरचे किती द्यायचे?" आणि कोपरीच्या खिशात हात घातला होता. त्या दिवसापासून मी पहिल्या वाक्यातच टाकतो, "काही पैसे लागत नाहीत बरं का, विचारलंय मी मॅडमला." नको म्हणले तर एकदाच परत विचारा, दुसऱ्यांदा नको म्हणले तर विषय सोडून द्या. आणि फोटो काढू नका, कळकळीनं सांगतो, त्या माणसानं सीट घेतलीय, जाहिरातीत काम घेतलं नाही.

त्या बदल्यात ते काहीतरी देणारच. धपाटं, शेंगदाण्याची चटणी, नातवासाठी केलेल्या लाडवातला एक. घ्या. नको-नको करत बसू नका, तिथंच हिशोब फिटू द्या त्यांचा.

आणि हो, नाही म्हणायलाही शिका. कुणी येऊन तुमच्या कडेच्या सीटच्या बदल्यात शेवटच्या रांगेतली मधली पुढं करत असंल, कारण काय तर दोघं मित्र जवळ बसायचंय, तर "सॉरी भाऊ, जमणार नाही" एवढं पुरे. मी सुद्धा दिल्लीचे दोन तास कधी-कधी देत नाही, दिवसभर बियाण्याचे प्लॉट फिरून कंबर गेलेली असते. हैदराबादला मात्र जवळपास दरवेळी देतो, तासाभराचा तर प्रश्न.

अजून एक प्रकार म्हणजे अख्खी सीटच सोडायची. सीटांपेक्षा तिकिटं जास्त गेली असली तर कंपनीनं आधी विचारायचं असतं की कुणी आपणहून थांबतंय का, असा डीजीसीएचा नियम आहे. तुमचं तिकीट तुम्ही दुसऱ्याच्या नावावर करू शकत नाही, पण तुम्ही थांबलात तर कुणाला तरी जबरदस्तीनं उतरवायचं टळतं, आणि त्यात एखादा मातीला निघालेला असतो, त्याच्या तोंडाकडं बघूनच कळतं. जबरदस्तीनं उतरवलं तर नियमानं भरपाई आहे, तासाभरात दुसरं विमान दिलं तर काही नाही, २४ तासात दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या २०० टक्के पण १०,००० च्या आत, त्याच्याही पुढं गेलं तर ४०० टक्के, २०,००० च्या आत. आपणहून थांबणाऱ्याला मात्र हे आकडे लागू नाहीत, कंपनी देईल ते, म्हणून हो म्हणायच्या आधी पुढचं विमान कुठलं, रात्रीची खोली आणि जेवण कुणाकडं, हे लेखी घ्या. चिकलठाण्याहून विमानं मोजकीच, पुढचं म्हणजे बऱ्याचदा उद्याचं. घरी फोन करून मगच मोठेपणा करा, माझी बायको त्या एका वेळचं अजून ऐकवते.

बाकी राहिलं उतरायचं. सीट बदलली तरी बॅगा जुन्याच जागी वर असतात, त्यांची तुमच्या डोक्यावर, तुमची त्यांच्या. विमान थांबल्यावर त्यांची बॅग काढून पुढं न्या, नाहीतर ते उलटे मागं यायला बघतात आणि सगळी गर्दी अंगावर येते. बेल्टवर त्यांची मोठी बॅग ओळखायला मदत करा, ओळखायला सोपी असते, नायलॉनच्या दोरीनं बांधलेली आणि वर लाल कापडाची गाठ. पोरगा घ्यायला आलाय का विचारा, नसंल तर तुमच्या फोनवरून लावून द्या, त्यांचा अजून फ्लाइट मोडवर असतो आणि तो काढायचा कसा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.